संस्थेचं सॉफ्टवेअर बदलू का? आमचाच डेटा आम्हाला मिळेना

भोगावतीकाठ:
नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा मी सचिव. ४१२ सभासद, सकाळ-संध्याकाळ संकलन. विषय जरा लांबलाय, सगळं वाचून मगच सल्ला द्या ही विनंती.

११ वर्षांपूर्वी संस्थेनं एका कंपनीचं संकलनाचं सॉफ्टवेअर घेतलं, नाव घेत नाही. काटा आणि फॅट मशीन दोन्ही वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेली. सभासदानं किटली ओतली, कोड नंबर मारला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घनभाग), दर, रक्कम सगळं पडद्यावर येतं आणि पावती निघते. दहा दिवसाला बिल. सुरवातीला १८ हजार दिले, वर्षाला २ हजार मेंटेनन्स. तो मेंटेनन्स वाढत वाढत ९ हजारावर गेला, तरी आम्ही गप देत होतो, कारण काम कधी थांबलं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी सकाळी सव्वासहाला लाइट गेली-आली, गेली-आली आणि दारात चाळीसभर माणसं किटल्या घेऊन उभी असताना कॉम्प्युटर बसला. मदरबोर्ड जळाला, हार्डडिस्क शाबूत. नवीन कॉम्प्युटर आणून हार्डडिस्क जोडली तर सॉफ्टवेअर म्हणतंय मशीन बदललंय, नवीन की (सॉफ्टवेअर चालू करायचा परवान्याचा कोड) घ्या. फोन केला तर म्हणाले तुमचं व्हर्जन बंद झालं, नवीन घ्या, ३५ हजार. जुना डेटा नव्यात घालायचे वेगळे १२ हजार. मी म्हटलं नवीन राहू दे, आमचा डेटा तेवढा एक्सेलमध्ये काढून द्या. तर म्हणे तशी सोय नाही. पाच दिवस वहीवर दूध घेतलं, फॅट बघून दर चार्टवर बोट ठेवून रक्कम काढत, सकाळच्या रांगा शाळेच्या गेटपर्यंत. शेवटी विनवण्या करून १५ दिवसांची तात्पुरती की मिळाली, त्यातले ३ दिवस संपले.

आणि आता दिवाळी तोंडावर. सभासदांना फरक, म्हणजे दुधाच्या दरातली वर्षाची वाढीव रक्कम, वाटायचाय. तो वर्षभरात कुणी किती लिटर घातलं त्यावर निघतो, आणि ते लिटर सगळे त्या सॉफ्टवेअरच्या पोटात.

कमिटीपुढं तीन वाटा आहेत. एक, ४७ हजार भरून हेच चालू ठेवायचं. दुसरी, एक मोबाईल ॲपवाली कंपनी आली होती, सुरवातीला काही नाही, महिन्याला १५०० भरा, डेटा त्यांच्याकडं. तिसरी, चेअरमन साहेबांचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो ओपन सोर्सवर (ज्याचा आतला कोड कुणालाही बघता-बदलता येतो) करून देतो, विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स टाकू, एक रुपया लागणार नाही. कमिटी विचारते स्वस्त काय. मला वाटतं प्रश्नच चुकतोय, पण नक्की कुठं चुकतोय ते सांगता येईना. जाणकारांनी सांगा, खरा खर्च कशात किती?

पावणं:
पुतण्याला आधी सकाळी सहाला उठवून बघा, मग ठरवा.

उद्यमनगरचा_पोरगा:
सचिव साहेब तुमचं दुखणं मला नेमकं कळलं कारण मी त्यातनं गेलोय. आमचं छोटं वर्कशॉप, दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर पार्ट कापणारी मशीन. सीएनसीचे प्रोग्रॅम काढायचं सॉफ्टवेअर वडलांनी घेतलेलं, त्याला पेनड्राइव्हसारखा डोंगल लावायला लागायचा. एक दिवस पोरानं झाडू मारताना कॉम्प्युटर सरकवला, डोंगल वाकला, आतली पिन तुटली. नखाएवढी वस्तू. नवीन मागितला तर म्हणाले हे मॉडेल आता नाही, वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्या. लाखातली रक्कम होती.

आता बघा, आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुम्ही कुठल्याही इंजिनाचा, कुठल्याही पंपाचा तुटका पार्ट घेऊन या. नमुना हातात दिला की मिस्त्री व्हर्नियर लावतो, उलटासुलटा करून बघतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच करून देतो. मूळ कंपनी बुडालेली असू दे नाहीतर परदेशात असू दे, शेतकऱ्याची मोटर थांबत नाही. आमचं अख्खं गाव ह्यावर उभं राहिलंय. आणि त्याच गावात नखाएवढ्या डोंगलपुढं आम्ही हात जोडून बसलो, कारण तो उघडून बघायची परवानगीच नाही.

वाचलो कशामुळं सांगतो. मशीनला जो प्रोग्रॅम जातो तो जी-कोड, तो साधा टेक्स्ट असतो. नोटपॅडमध्ये उघडतो, वाचता येतो, हातानं बदलता येतो. सात वर्षांचे सगळे जॉब त्या टेक्स्ट फायलीत होते. सॉफ्टवेअर मेलं पण काम जिवंत राहिलं. ड्रॉइंगच्या मूळ फायली मात्र गेल्या त्या गेल्याच.

ताळेबंद:
मी गेली २२ वर्षं व्यापाऱ्यांची आणि संस्थांची खाती बघतो. भावनेत वाहून जाऊ नका, हिशोब करा. पहिली वाट, ४७ हजार अधिक पाच वर्षांचा मेंटेनन्स ४५ हजार, झाले ९२ हजार. दुसरी, १५०० गुणिले ६० महिने, ९० हजार. ४१२ सभासदांत वाटा, माणसी महिन्याला पावणेचार रुपयाच्या आसपास पडतं. तेवढ्यात कटिंग चहा पण येत नाही आणि तुमच्या रांगा शाळेच्या गेटपर्यंत जातात.

तिसरी वाट फुकट नाही. पुतण्या पास होऊन पुण्याला नोकरीला गेला की त्यानं लिहिलेलं कोण दुरुस्त करणार? १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हाचं मला चांगलं आठवतंय. पैसे देऊन घेतलेली सॉफ्टवेअर होती त्यांना अपडेट आलं आणि दुकानं चालू राहिली. माझ्या एका अशिलानं भाच्याकडनं करून घेतलेलं बिलिंग होतं, तो दोन महिने हातानं बिलं फाडत बसला. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेचं उदाहरण पण बघा, मोठा गाजावाजा करून हजारो कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा ठराव केला. ओपनला पण किंमत असते, ती बिलावर छापलेली नसते एवढंच.

शिवाजीपेठ_११:
ओपन ओपन काय लावलंय राव. अँड्रॉइड ओपन म्हणतात, माझ्या फोनमधली निम्मी ॲप काढता येत नाहीत. आयफोन बंद म्हणतात, आमची आई चार वर्षं एकच आयफोन वापरते, एक फालतू जाहिरात नाही, कधी अडकत नाही. लोकांना चालल्याशी मतलब.

मिरजकर_तिकटी:
@शिवाजीपेठ_११ दोन्ही खरं आहे, पण त्यात एक गोम आहे. अँड्रॉइडचा पाया ओपन आहे, कोड कुणीही उतरवून घ्यावा. पण प्ले स्टोअर, मॅप आणि ॲपच्या खाली चालणाऱ्या गूगलच्या सर्व्हिसेस, त्या बंद. आणि फोनवाल्यांना प्ले स्टोअर पाहिजे तर बाकीची ॲप पण टाकायला लागायची. म्हणूनच ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो कायम ठेवला. त्या दरम्यान जानेवारीत गूगलनं भारतापुरतं जाहीर केलं की फोनवाल्यांना ॲप सुटी सुटी घेता येतील. म्हणजे नाव ओपन असलं तरी दार कुठं बंद केलंय ते बघायला लागतं.

आयफोनवर ॲपमधनं डिजिटल काही विकलं की ॲपल ३० टक्के घेते, छोट्या कंपन्यांना २०२१ पासनं १५. आईला ते दिसत नाही, पण ॲपवाला ते किमतीत धरतोच. तरी आईला तो फोन सोयीचा असेल तर तोच असू दे, मी काढून घ्या म्हणणार नाही.

भोगावतीकाठ काका, तुमच्याबद्दल सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ऑफिसात आहे. तोवर एकच सांगा, पावती आणि बिल कुठल्या प्रिंटरवर निघतं? जुना टकटक करणारा डॉट मॅट्रिक्स का?

खिळेवाला:
लक्ष्मीपुरीत आमचा छापखाना, वडील खिळे (छपाईचे शिशाचे टाइप) जुळवायचे, मी कॉम्प्युटरवर आलो. ह्या विषयावर मला बोलायलाच पाहिजे कारण आम्हा छापखानेवाल्यांएवढी किंमत ह्यात कुणी मोजली नसेल.

१९९८ पासनं आम्ही लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, गावजत्रेची पत्रकं, दोन-तीन कवींची पुस्तकं, सगळं त्या वेळच्या मराठी फॉन्टमध्ये केलं. त्या फॉन्टची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यावर मराठी आकार रंगवलेले. 'क' च्या जागी एका कंपनीत एक अक्षर, दुसऱ्या कंपनीत दुसरं. फॉन्ट आहे तोवर कविता, फॉन्ट गेला की कचरा. ते फॉन्ट काही वाईट नव्हते, वळणं इतकी देखणी होती की आजही फ्लेक्सवाले सोडायला तयार नाहीत. पण प्रत्येकाचं कुलूप वेगळं आणि किल्ली त्या त्या कंपनीकडं.

गेल्या वर्षी एका कवीच्या मुलीनं वडलांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणून फाइल मागितली. फाइल माझ्याकडं होती, सीडी पण चालली. पण पानं लावायच्या ज्या पेजमेकर सॉफ्टवेअरमध्ये ते केलं त्याचं शेवटचं व्हर्जन २००१ मधलं. उघडलं एकदाचं, मग मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत) बदलायला कन्व्हर्टरमधनं घातला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची आणि रफार अक्षराच्या नंतर, कारण कागदावर दिसतं तसं ते साठवलेलं. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. त्यामुळं जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर, रफार उडालेला. 'सूर्य' चा 'सूय' झालेला, 'मूर्ती' ची 'मूती'. १४० पानं मी आणि ती मुलगी मांडीला मांडी लावून बसून ओळ न् ओळ मूळ पुस्तकाशी ताडत गेलो, सोळा दिवस. आपल्याच भाषेत, आपणच टाइप केलेलं, आपल्यालाच परत वाचता येईना.

आता नवीन सगळं काम युनिकोडमध्ये करतो. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बलू हे फॉन्ट मोकळ्या परवान्यावर आहेत, कुणीही वापरा, कुणालाही द्या. फ्लेक्सला अजून जुन्यांची सर येत नाही काही ठिकाणी, पण तीस वर्षांनी फाइल उघडेल ह्याची खात्री आहे.

निपाणीकर:
खिळेवाले काका, सोळा दिवस 🙏

पावणं:
विषयाला सोडून आहे पण लक्ष्मीपुरीत छापखान्याजवळ मिसळ कुठली चांगली?

खिळेवाला:
@पावणं कामावर या, नेऊन आणतो. कट वाढून देतात.

मिरजकर_तिकटी:
हां, आता बसलो निवांत.

ताळेबंद यांचा हिशोब बरोबर आहे, पण त्यात एक रक्कम धरलेली नाही. सुटायचा खर्च. उद्या हे नको म्हटलं तर आपलं काय काय घेऊन बाहेर पडता येतं आणि त्याला किती पैसे, किती दिवस लागतात. काकांचं ९ हजाराचं मेंटेनन्स बघा. २ चं ९ कसं झालं? कंपनीला माहीत होतं की हे लोक कुठं जाऊ शकत नाहीत. तुम्ही कुठं जाऊ शकत नाही म्हटल्यावर दर तुम्ही ठरवत नाही. आपल्या मोबाईल नंबरचंच घ्या, २०११ च्या जानेवारीत नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली. त्याआधी मेसेज पाठवून सगळ्यांना नवीन नंबर कळवायला लागायचा, म्हणून माणूस वैतागून पण त्याच कंपनीत राहायचा.

आता सोर्स ओपन का बंद हा वेगळा प्रश्न आहे आणि मी जरी पोटापाण्याला ओपन सोर्सवरच काम करत असलो तरी खोटं सांगणार नाही. ओपन म्हणजे आपोआप सुरक्षित असं काही नसतं. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या ओपन लायब्ररीत (दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत वापरला जाणारा तयार कोड) कुणीतरी दोन वर्षं विश्वास कमवून चोरदार घुसवलं होतं. सापडलं कसं? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून तो खणत गेला. कोड उघडा होता म्हणून त्याला खणता आलं, पण तो त्या दिवशी कंटाळला असता तर? आणि त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका अपडेटनं ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा येऊन बसली, विमानतळ थांबले, ते सॉफ्टवेअर तर बंद सोर्सचं होतं. दोन्हीकडं माणसं लागतात, राखायला.

म्हणून पुतण्याबद्दल ताळेबंद यांचं मला पटतं. एकट्या पोरावर संस्था टाकू नका. पण त्या पोराला घालवू पण नका.

ताळेबंद:
@मिरजकर_तिकटी भाऊ, मुद्दा मान्य. सुटायचा खर्च ताळेबंदात कुठं दाखवायचा ह्याचा विचार करतोय. देणं म्हणून दाखवायला पाहिजे खरं तर.

मिरजकर_तिकटी:
भाऊ नाही ओ, ताई. कोल्हापूरची पोरगी 'मी लिहितो, मी बसलो' असंच म्हणणार की 😄

ताळेबंद:
अरे हो! माझी बहीण पण असंच बोलते, लक्षातच आलं नाही. माफ करा ताई.

व्हीनस_कॉर्नर:
एक उलटी बाजू सांगतो. आमचं औषधांचं होलसेल दुकान. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं ते छातीएवढं. कॉम्प्युटर, बॅकअपची हार्डडिस्क, रजिस्टरं, सगळं सहा दिवस पाण्यात. आम्ही नुकतंच महिन्याचे पैसे भरायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलेलं, पूर्ण बंद, सोर्स बिर्स काही नाही. पाणी उतरायच्या आत पाहुण्यांच्या घरात बसून लॅपटॉपवर येणीदेणी उघडली. शेजारच्या दुकानदाराची सगळी उधारी हार्डडिस्कवर होती, त्यांनी ती वाळवून बघितली, उन्हात ठेवली, काही उपयोग झाला नाही. वसुलीला गेले तेव्हा लोक सांगतील तेवढे पैसे घ्यायला लागले.

तेव्हा डेटा दुसऱ्याकडं असणं वाईटच असं म्हणू नका. मात्र मी आता दर तीन महिन्याला सगळं डाउनलोड करून घरी ठेवतो. आणि खरं सांगायचं तर तिथंही अडवलंय, तीन वर्षांच्या मागचं पाहिजे तर वरचा प्लॅन घ्या म्हणतात.

रंकाळा_संध्याकाळ:
मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आम्ही २०१६ ला बंद सॉफ्टवेअरवरून कोहा नावाच्या ओपन सॉफ्टवेअरवर गेलो. त्याची जन्मकथा भोगावतीकाठ यांच्या संस्थेसारखीच आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० च्या तारखेला बंद पडणार होतं. बाजारातलं नवीन परवडत नव्हतं. त्यांनी १९९९ मध्ये स्वतःसाठी करून घेतलं, २००० च्या जानेवारीला चालू केलं आणि जगाला मोकळं देऊन टाकलं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. आज कितीतरी देशांतली ग्रंथालयं ते वापरतात, त्यामुळं एक माणूस गेला म्हणून ते मरत नाही. पुतण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि ह्यात हा फरक आहे. ओपन असून उपयोग नाही, त्याभोवती गाव पाहिजे.

आमचं सोपं गेलं कारण पुस्तकांच्या नोंदी मार्क नावाच्या पद्धतीत होत्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९६० च्या दशकात ती ठरवली, जगातली पुष्कळ ग्रंथालयं तीच पाळतात, सॉफ्टवेअर कुठलंही असू दे. नोंदी एका संध्याकाळी आल्या. माणसं यायला मात्र आठ महिने लागले. आमच्या काउंटरवरच्या मॅडम रोज म्हणायच्या जुन्यात दोन बटणात व्हायचं. त्यांना शेजारी बसून शिकवलं, त्यांचा राग पण ऐकून घेतला, तो पण खर्च धरा. आणि सर्व्हर बघायला एक माणूस ठेवलाय, त्याचा पगार आहेच.

शिवाजीपेठ_११:
केरळच्या शाळांत सगळं लिनक्सवर आहे म्हणतात ते खरं का?

रंकाळा_संध्याकाळ:
हो. सरकारी शाळांत बरीच वर्षं मुक्त सॉफ्टवेअर आहे. पण त्यांनी नुसत्या सीड्या वाटल्या नाहीत, हजारो शिक्षकांना आधी तयार केलं. आपण नेहमी ती पायरी गाळतो.

फौंड्रीवाला_शिरोली:
संस्थेनं जो नवीन कॉम्प्युटर घेतला त्यात विंडोज ११ असणार, कारण १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या ऑफिसातली नऊ मशीन चांगली धडधाकट होती, प्रोसेसर जुना म्हणून ११ घेत नव्हती. पाचांवर लिनक्स टाकलं, अकाउंट्सची चार नवीन घेतली. भट्टीच्या रीडिंगवाल्या कॉम्प्युटरला हात लावला नाही, तो अजून जुन्या विंडोज एक्सपीवर आहे, इंटरनेट तोडलंय. असं मिसळून पण चालतं. सगळं एकदम बदलायच्या नादी लागू नका, हप्त्याहप्त्यानं करा.

भोगावतीकाठ:
सगळ्यांचे आभार, रात्री सगळं वाचलं. ताई, प्रिंटर डॉट मॅट्रिक्सच आहे.

आता प्रश्न कुठं चुकत होता ते कळलं. पण पुढं काय करू? की चे ९ दिवस राहिलेत. फरकाची यादी अडकलीय.

मिरजकर_तिकटी:
डॉट मॅट्रिक्स म्हणजे आपलं काम झालं म्हणून समजा. तो प्रिंटर साधी अक्षरं घेतो, त्याला चित्र लागत नाही. असं करा. कॉम्प्युटरमध्ये नवीन प्रिंटर जोडा, यादीत 'जेनेरिक' नावाखाली 'टेक्स्ट ओन्ली' असा मिळेल. पोर्ट विचारेल तिथं 'फाइल' निवडा. मग तुमच्या सॉफ्टवेअरमधनं नेहमीसारखं दहा दिवसाचं बिल रजिस्टर प्रिंटला द्या, पण ह्या प्रिंटरवर. कागद निघणार नाही, फाइलचं नाव विचारेल. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. कोड नंबर, लिटर, रक्कम ओळीनं आलं तर एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये रकाने पाडून घ्यायचे. वर्षाची ३६ बिलं, ३६ फायली. कुणाचं कुलूप तोडायचं नाही, तुमचंच बिल तुम्ही छापताय.

सभासदांची नावं, बँक खाती इथं धाग्यावर टाकू नका, नमुना पाहिजे तर आकडे बदलून टाका.

उद्यमनगरचा_पोरगा:
ताई 🔥 हे म्हणजे पार्ट उघडता येत नसेल तर साच्यात मेण ओतून नमुना काढल्यासारखं झालं.

निपाणीकर:
हे आमच्या पतसंस्थेत पण करून बघतो. आमचं पण कुलूप तसलंच आहे.

ताळेबंद:
सचिव साहेब, काढताना प्रत्येक बिलाची एकूण बेरीज प्रोसिडिंगच्या (मिटिंगच्या नोंदवहीच्या) छापील कागदाशी ताडा. ऑडिटर पहिला प्रश्न तोच विचारणार.

भोगावतीकाठ:
पाच दिवस लिहिलं नाही, कारण रोज संध्याकाळच्या संकलनानंतर तेच करत बसलो होतो. पुतण्याला बोलावलं. पहिली फाइल उघडली, लिटर, फॅट, रक्कम सगळं रकान्यात, काट्यानं मोजल्यागत. मला खरं सांगतो घशात आवंढा आला. नावांच्या जागी मात्र खिळेवाले सांगतात तसला इंग्रजी अक्षरांचा कचरा. निम्मी अक्षरं तर आलीच नव्हती. पण कोड नंबर शाबूत होते. मुलीनं सभासद रजिस्टर पुढं घेऊन ४१२ नावं युनिकोडमध्ये टाइप केली, दोन रात्री, मध्ये मध्ये मला विचारत, बाबा ह्या आजीचं आडनाव ह्रस्व का दीर्घ.

११ वर्षांच्या ३९६ बिलांपैकी ३९१ निघाली, पाच उघडतच नाहीत. ती कागदावरनं घालू. सगळं मिळून वीस एमबी पण नाही. एवढ्यासाठी १२ हजार मागत होते. पेनड्राइव्ह तीन केले, एक संस्थेच्या तिजोरीत, एक चेअरमनांकडं, एक माझ्या बहिणीकडं गारगोटीला, पुराचं वाचून.

काल मिटिंग झाली. मार्च अखेरीच्या ऑडिटपर्यंत जुनंच चालवायचं, कंपनीशी बोलून फक्त की चे पैसे ठरवले, ८ हजार. नवीन कुणाचंही घेतलं, ओपन असो नाहीतर बंद, तर दर महिन्याला सगळा डेटा साध्या फाइलीत आमच्या हातात पडला पाहिजे आणि तो काढायला कंपनीला विचारायला लागता कामा नये, असा ठराव प्रोसिडिंगला घातला. ॲपवाल्यांना तो वाचून दाखवला, ते विचारून सांगतो म्हणाले. पुतण्या काटा आणि फॅट मशीनच्या वायरीतनं काय येतं ते वाचायचा प्रयत्न करणार आहे. त्यावर अजून काही ठरलेलं नाही.

आज फरकाची यादी बोर्डावर लावली. एक म्हातारी सभासद आली, एका म्हशीचं दूध घालते. वर्षाच्या सगळ्या पावत्या तिनं तारेत ओवून ठेवलेल्या. ओट्यावर बसून नातवाकडनं बेरीज करून घेतली, दीड तास. आमच्या यादीत आणि तिच्या तारेत २०० मिलीचा फरक आला, तो तिच्या हरवलेल्या एका पावतीचा निघाला.

खिळेवाला:
त्या माऊलीला माझा नमस्कार सांगा.

मिरजकर_तिकटी:
काका, काट्याच्या वायरीतनं येणारी ओळ जशीच्या तशी कॉपी करून पाठवा. बहुतेक साधी ओळच असणार, वजन आणि शेवटी एन्टर. रिकामा काटा, पाच लिटर आणि दहा लिटर अशा तीन ओळी पाहिजेत. पुतण्याला पण माझा आयडी द्या.

भोगावतीकाठ:
देतो. उद्या सकाळचं संकलन आठला उरकतं, त्यानंतर तिन्ही ओळी घेऊन पाठवतो.